डेट्रॉईटची भिंत : आधुनिक चित्रात कामगार शोधायचा कुठे?

प्रश्न असा आहे : आधुनिक चित्रकला म्हणजे आकार मोडणं, अवकाशाशी खेळणं, रंगांचे प्रयोग. मग तिच्यात कामगारांचे लढे आणि समाजाची स्थिती उमटते असं म्हणतात, ते चित्रात खरोखर असतं की समीक्षक मागाहून चिकटवतात? विचारणारी विद्यार्थिनी कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला प्रबंधासाठी एखादं ठोस उदाहरण हवं आहे.

बरेचदा चिकटवतात, हे आधी सांगून टाकतो. १९३०च्या आसपासचं कुठलंही करड्या रंगाचं चित्र दिसलं की त्यात मंदी शोधायची, लाल दिसला की क्रांती, असली समीक्षा भरपूर झाली आहे. पण म्हणून संबंधच नसतो असं नाही. बहुतेक लोक तो चित्राच्या विषयात शोधतात : झेंडा, मूठ, मोर्चा, भोंगा. एवढंच पाहायचं तर छापील पोस्टर पुरे, त्यासाठी आधुनिक चित्राकडे जायची गरज नाही. आधुनिक चित्रात समाजस्थिती बांधणीतून येते. म्हणजे जागा कशी रचली आहे, माणसाचं अंग कुठे वाकलं आहे, कोण मोठं आणि कोण लहान काढलं आहे, पैसे कोणी दिले, आणि काय काढायचं टाळलं आहे. मी आयुष्यभर भिंती रंगवल्या आणि रंगवायला शिकवल्या, त्यामुळे उदाहरणही भिंतीचंच देतो. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं १९३२-३३मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराच्या कलासंग्रहालयात केलेली सत्तावीस भित्तिचित्रं. प्रबंधासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, कारण इथे चित्राची बांधणी आणि कारखान्याची बांधणी एकमेकींसमोर ठेवून तपासता येते.

आधी त्या शहराची अवस्था. डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये रूज नदीच्या काठी फोर्डचा अवाढव्य कारखाना होता. एका टोकाला लोहखनिज आणि कोळसा बोटीतून उतरायचा, दुसऱ्या टोकाला मोटार बाहेर पडायची. झोतभट्टी म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणारी भट्टी, ओतशाळा, काच, वीज, सगळं एकाच आवारात. हेन्री फोर्डनं १९१४ साली आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर करून जगभर नाव मिळवलं होतं. मात्र त्या पाच डॉलरच्या मागे लाइनचा वेग होता. माणूस जागेवर उभा, काम त्याच्यासमोरून सरकत जाणार, आणि सरकण्याचा वेग त्याच्या हातात नाही. कामावर बोलायला बंदी, म्हणून ओठ न हलवता बोलायची कला तिथल्या कामगारांनी साधली होती. कंपनीचं स्वतःचं पहारेकरी खातं होतं, आणि संघटनेचं नाव काढणारा दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर असे.

मंदी आली तेव्हा १९२९मध्ये लाखाच्या वर असलेली डेट्रॉईटमधली फोर्ड कामगारांची संख्या १९३१च्या ऑगस्टपर्यंत ४० हजारांच्या खाली आली. ७ मार्च १९३२ रोजी काही हजार बेकार कामगार कडाक्याच्या थंडीत डेट्रॉईटहून रूजच्या फाटकाकडे चालत निघाले. मागण्या अगदी रोजच्या होत्या : काम द्या, हिवाळ्यापुरता कोळसा द्या, फोर्डच्या इस्पितळात उपचार द्या, लाइनचा वेग कमी करा, काळ्या कामगारांशी भेदभाव थांबवा, संघटना करू द्या. डिअरबॉर्नच्या हद्दीवर अश्रुधूर, मग गोठवणाऱ्या थंडीत पाण्याचे फवारे, आणि शेवटी पोलीस व कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या गोळ्या. चौघे त्या दिवसाच्या गोळीबारात गेले. पाचवा, कर्टिस विल्यम्स, काही महिन्यांनी गेला. तो काळा होता, म्हणून बाकीच्या चौघांना जिथे पुरलं त्या दफनभूमीत त्याला जागा नाकारली गेली. त्या चौघांच्या अंत्ययात्रेला हजारोंनी लोक लोटले होते.

रिव्हेरा आणि त्याची बायको फ्रिदा काहलो या शहरात उतरले ते त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, एप्रिलमध्ये.

आमंत्रण संग्रहालयाचे संचालक विल्यम व्हॅलेंटायनर यांचं होतं आणि पैसे एडसेल फोर्डचे, म्हणजे हेन्रीच्या मुलाचे, जो कंपनीचा अध्यक्षही होता. सुरुवातीला दहा हजार डॉलर आणि मोजक्याच भिंती ठरल्या होत्या. रिव्हेरानं कारखाना पाहिला आणि संग्रहालयाचं आतलं सगळं अंगणच मागितलं. रक्कम वाढून सुमारे २१ हजारांवर गेली. रिव्हेरा उघडपणे कम्युनिस्ट विचारांचा, पण १९२९मध्ये मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षानं त्याला काढून टाकलेलं. म्हणजे डावे त्याला मालकांचा चित्रकार म्हणत होते आणि मालक त्याला लाल समजत होते. या कात्रीत बसून तो काम करत होता, हे विसरून ती भिंत वाचता येत नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. रिव्हेरा हा काही लोककलेतून थेट भिंतीवर आलेला माणूस नव्हे. पॅरिसमध्ये तो पिकासोच्या वर्तुळात वावरलेला पक्का क्युबिस्ट चित्रकार होता, म्हणजे वस्तू मोडून तिच्या अनेक बाजू एकाच चित्रात मांडणाऱ्या क्युबिझम शैलीचा. १९१५चं त्याचं 'झापातिस्ता निसर्गदृश्य' पाहा : रायफल, सरापे म्हणजे मेक्सिकन घोंगडी, टोपी, डोंगर, सगळं चिरफाडून एकावर एक बसवलेलं. त्यानंतर तो इटलीत जाऊन जुनी भित्तिचित्रं पाहून आला आणि मेक्सिकोत परतला. लोकांना वाटतं की भिंतीवर येताना त्यानं क्युबिझम टाकून दिला. माझ्या मते तो त्यानं गिलाव्याखाली नेला.

उत्तरेची भिंत घ्या. १९३२च्या फोर्ड व्ही-८ मोटारीचं इंजिन कसं तयार होतं, हे तिच्यावर आहे. वर मध्यभागी झोतभट्टी, नारिंगी पेटलेली. दोन्ही बाजूंना भोकं पाडणाऱ्या यंत्रांच्या रांगा, मंदिराच्या दारातल्या द्वारपालांसारख्या उभ्या. खाली इंजिनचे ठोकळे ओढणारी, ढकलणारी, वाकलेली माणसं. आणि या सगळ्यातून सापासारखा वळत जाणारा कन्व्हेयर, म्हणजे माल पुढे नेणारा सरकता पट्टा, जो एका ठिकाणी पुढे येतो, दुसरीकडे पोटात शिरतो, तिसरीकडे डोक्यावरून जातो. आता यथार्थदर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा, नियम लावून बघा. लागत नाही. ओतशाळा आणि यंत्रशाळा या वेगवेगळ्या इमारती होत्या. कारखान्यात उभं राहून हे दृश्य कुठूनही दिसलं नसतं. रिव्हेरानं आवारभर हिंडून शेकडो रेखाटनं केली, कंपनीच्या छायाचित्रकाराकडून फोटो घेतले, आणि मग भिंती पाडून, अंतरं गिळून, मजले एकमेकांत घुसवून हा पट रचला. प्रत्येक यंत्र अचूक आहे, जाणकार ते ओळखतात. खोटी आहे ती फक्त जागा.

आणि तिथेच माझ्या उत्तराचा गाभा आहे. लाइनवरच्या कामगाराला आपल्या हातातला एक बोल्ट दिसतो. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, हे त्याला दिसू नये अशीच त्या कामाची विभागणी असते. संपूर्ण कारखाना एका नजरेत फक्त वरच्या मजल्यावरच्या कचेरीतल्या नकाशावर असतो. क्युबिझमनं चित्रकाराला जी मुभा दिली, एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहण्याची, ती वापरून रिव्हेरानं तो नकाशा कामगारांच्या डोळ्यांसमोर आणला. तोही माणसं भरून. सलग, एकाच बिंदूतून पाहिलेलं चित्र हे करू शकलं नसतं, तिथे चित्रकाराला कुठल्यातरी एका पाळीत, एका खात्यात उभं राहावं लागलं असतं. आकार मोडण्याचा कामगारांशी काय संबंध, या शंकेला माझं उत्तर या भिंतीवर आहे. ज्या जगात कामच मोडून वाटलेलं आहे, ते जोडून दाखवायला जागा मोडावी लागली.

आता अंगं बघा. कलाशाळेत आपण मॉडेलला उभं करून एकेकट्या माणसाचा तोल शिकतो. इथे एकाचा तोल दुसऱ्यावाचून लागतच नाही. एक गट मागे झुकून ओढतो, समोरचा पुढे झुकून ढकलतो, आणि त्या दोन तिरक्या रेषांच्या मध्ये लोखंड सरकतं. चेहरे आहेत, त्यांतले काही खऱ्या कामगारांचे आणि रिव्हेराच्या मदतनिसांचे आहेत, पण कोणी नायक नाही. सोव्हिएत पोस्टरात असतो तसा छाती काढून दूर क्षितिजाकडे पाहणारा कामगार इथे सापडायचा नाही. सगळ्यांची नजर कामावर.

गोरे, काळे, मेक्सिकन चेहऱ्यांचे लोक खांद्याला खांदा लावून काम करताना दिसतात. हे मात्र वास्तव नव्हतं. फोर्ड काळ्या कामगारांना इतर कंपन्यांपेक्षा जास्त प्रमाणात घेत असे, पण त्यांतल्या बहुतेकांची नेमणूक ओतशाळेतल्या सर्वांत उष्ण, सर्वांत घाणेरड्या कामावर व्हायची. रिव्हेराला हे दिसलं नसेल असं मी मानत नाही. त्यानं जे हवं होतं ते रंगवलं. शिवाय दोन्ही भिंतींच्या माथ्यावर त्यानं चार प्रचंड स्त्रिया काढल्या आहेत, चार वंशांच्या, हातात लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि वाळू धरलेल्या, म्हणजे पोलाद आणि काच ज्यापासून बनतात ते चार पदार्थ. वंश आणि खनिज यांची ही जोडी आज वाचताना खटकते, आणि प्रबंधात तसं बेलाशक लिहावं.

दक्षिणेची भिंत गाडीचा सांगाडा, जोडणी आणि रंगकाम दाखवते. उजवीकडे पत्रा दाबणारा राक्षसी प्रेस उभा आहे, त्याचा आकार ॲझ्टेक देवता कोआत्लिक्वेच्या मूर्तीवर बेतलेला. चष्मा लावलेला, कपाळाला आठ्या घातलेला मुकादम कामगारांवर डोळा ठेवून आहे. रविवारच्या कपड्यांतले पाहुणे कारखाना बघायला आलेत, त्या काळी रूजची सहल हा खराच प्रकार होता. आणि या एवढ्या भिंतीवर पूर्ण तयार झालेली मोटार शोधा बघू. आहे, लाइनच्या पार टोकाला, नखाएवढी, लाल. ज्या वस्तूसाठी हे सगळं चाललंय ती जवळजवळ अदृश्य, आणि ती बनवणारे हात भिंतभर. एडसेल फोर्डनं पैसे मोजले होते मोटारींच्या शहराच्या गौरवासाठी. तो स्वतः व्हॅलेंटायनरसोबत खालच्या कोपऱ्यात उभा आहे, जुन्या इटालियन चित्रांतल्या दात्यासारखा, अदबीनं, कोपऱ्यात.

पश्चिमेच्या भिंतीवर दाराच्या दोन बाजूंना एक कामगार आणि एक व्यवस्थापक आहेत. कामगाराच्या तोंडवळ्यात रिव्हेरा स्वतः आणि हातमोज्यावर छोटासा लाल तारा, व्यवस्थापकाच्या तोंडवळ्यात हेन्री फोर्ड आणि एडिसन यांचं मिश्रण. वर एका बाजूला प्रवासी विमानं, दुसऱ्या बाजूला लढाऊ. तेच पोलाद, तेच कौशल्य, दोन उपयोग. उत्तरेच्या भिंतीवरही एका कोपऱ्यात लस टोचली जाते आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात विषारी वायूचे बॉम्ब भरले जात आहेत. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, मी त्यात वेळ घालवत नाही.

वेळ घालवण्यासारखी जागा म्हणजे मुख्य चित्रांच्या तळाशी असलेला, करड्या छटांतला पट्टा. बहुतेक प्रेक्षक तो ओलांडून वर बघतात. जुन्या इटालियन वेदीचित्रांच्या पायथ्याशी संताच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या चौकटींत काढलेले असत. रिव्हेरानं त्याच जागी कामगाराचा एक दिवस बसवला : हजेरीचं कार्ड, निरनिराळी कामं, जेवणाची सुट्टी, आणि शेवटी पगाराच्या रांगेत उभं राहून पादचारी पुलावरून घराकडे निघालेली माणसं. अशाच एका पुलावर, रूजच्या चार नंबरच्या फाटकाशी, २६ मे १९३७ रोजी मोटार कामगार संघटनेची पत्रकं वाटायला आलेल्या वॉल्टर रूथर आणि त्याच्या साथीदारांना कंपनीच्या माणसांनी छायाचित्रकारांच्या देखत बदडून काढलं. ते फोटो देशभर छापले गेले. फोर्डनं संघटनेशी करार केला तो थेट १९४१मध्ये, एप्रिलच्या संपानंतर, तीन मोठ्या मोटार कंपन्यांत सर्वांत शेवटी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. ही चित्रं ओल्या गिलाव्यावरची आहेत. चुन्याचा शेवटचा पातळ थर चढवला की तो ओला असेपर्यंतच त्यात नुसत्या पाण्यात कालवलेला रंग मुरतो, पुढे हवेशी मिळून चुना दगड होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. उरला तर संध्याकाळी तासून काढायचा. रिव्हेराचे मदतनीस रात्री गिलावा चढवायचे, तो पहाटेआधी येऊन काळ्या-करड्या छटांत घडण उभी करायचा आणि उजेड झाला की रंग. पंधरा-पंधरा तासांचे दिवस. रंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे आजचा निळा कालच्या निळ्याला जुळेल की नाही हे दुसऱ्या दिवशीच कळतं. जोडाच्या रेषा माणसांच्या बाह्यरेषेत लपवायच्या असतात, आणि एवढ्या गर्दीच्या चित्रात ते किती जिकिरीचं आहे हे हात घातल्याशिवाय समजत नाही. हे सगळं १९३२च्या जुलैपासून १९३३च्या मार्चपर्यंत चाललं. म्हणजे वेग दुसऱ्याच्या हातात असलेल्या कामगारांचं चित्र, वेग चुन्याच्या हातात असलेले मजूर करत होते. हाही संबंध समीक्षकांनी चिकटवलेला नाही.

मग भिंतीवर काय नाही? ७ मार्चचा मोर्चा नाही. गोळीबार नाही. बेकारांची रांग नाही. ज्या वर्षी रूजमधली निम्म्याहून जास्त माणसं घरी बसवलेली होती, त्या वर्षी भिंतीवर कारखाना भरगच्च चालू आहे. डाव्या टीकाकारांनी तेव्हाही हे सुनावलं, आणि ते खोटं नाही. एडसेल फोर्डच्या पैशातून फोर्डच्या फाटकावरचा गोळीबार रंगवता आला नसता, हे उघड आहे. मला मात्र ही फक्त तडजोड वाटत नाही. बेकार माणसं ते अंगण बघायला आली तेव्हा त्यांनी तिथे स्वतःचं काम पाहिलं, जे त्यांच्याकडून काढून घेतलेलं होतं. मोर्चातली पहिली मागणी 'काम द्या' ही होती, हे लक्षात ठेवून ती गर्दीची भिंत पुन्हा बघा. तरीही पाच माणसांची जागा त्या सत्तावीस चौकटींत कुठेही नाही, ही गोष्ट प्रबंधात स्पष्ट यायला हवी. चित्राचं कौतुक त्यामुळे कमी होत नाही.

तुलनेसाठी शेजारी अमेरिकन चित्रकार आणि छायाचित्रकार चार्ल्स शीलर ठेवा. जाहिरात संस्थेमार्फत फोर्डनं त्याला १९२७मध्ये रूजचे फोटो काढायला बोलावलं होतं. त्या अनुभवातून त्यानं पुढे 'अमेरिकन लँडस्केप' (१९३०) आणि 'क्लासिक लँडस्केप' (१९३१) ही तैलचित्रं केली. तोच कारखाना, आणि काय देखणी चित्रं आहेत! चिमण्या, सायलो, रुळ, स्वच्छ ऊन, एक डाग नाही. माणूसही नाही. पहिल्या चित्रात रुळांपाशी एक ठिपक्याएवढी आकृती आहे, तीही सांगितल्यावर दिसते. 'क्लासिक लँडस्केप' एडसेल फोर्डनं विकत घेतलं. म्हणजे एकच गिऱ्हाईक, एकच आवार, जवळजवळ एकच वर्ष, आणि दोन्ही चित्रकार आधुनिक. शीलरनंही क्युबिझम पचवला होता, पण त्याच्याकडे त्यातून शांतता आली. कारखाना देवळासारखा दिसावा यासाठी त्यातले भक्त बाहेर काढावे लागले. हजारो माणसांना कामावरून काढून टाकण्याच्या काळात रिकामा कारखाना सुंदर दिसणं, हेसुद्धा त्या काळाबद्दल सांगणारंच आहे. शीलरचा तसा हेतू नव्हता, पण चित्र काय सांगतं हे हेतूवर अवलंबून नसतं.

१९३३च्या मार्चमध्ये अंगण खुलं झालं आणि गदारोळ उठला. लसीकरणाच्या चौकटीत ख्रिस्तजन्माची टिंगल आहे असं धर्मगुरू म्हणाले. एका मोठ्या स्थानिक वृत्तपत्रानं अग्रलेखात ही चित्रं डेट्रॉईटच्या कामगारांची बदनामी आहेत असं ठरवलं आणि भिंतीवर चुना फासायला सांगितलं. कामगारांच्या वतीनं अपमान वाटून घेणारे हे लोक कामगार नव्हते. प्रत्यक्षात रविवारी हजारो लोक बघायला येत होते आणि कामगारांचे गट चित्रांच्या रक्षणासाठी उभे राहायला तयार झाले. एडसेल फोर्ड चित्रकाराच्या पाठीशी राहिला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर रिव्हेरानं लेनिनचा चेहरा काढला तेव्हा तिथल्या मालकांनी त्याला पूर्ण पैसे देऊन मे १९३३मध्ये काम थांबवलं आणि फेब्रुवारी १९३४मध्ये भिंत फोडून टाकली. डेट्रॉईटचा मुकादम खपला, लेनिन खपला नाही. मर्यादा कुठे होती ते यावरून मोजता येतं.

भिंत हाच एक मार्ग होता असं समजू नका. काळा अमेरिकन चित्रकार जेकब लॉरेन्सनं १९४०-४१मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, दक्षिणेकडून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेलेल्या काळ्या लोकांच्या स्थलांतरावर साठ लहान चित्रं केली. प्रत्येक साधारण वहीच्या उघड्या दोन पानांएवढं, सपाट रंगांचं, चेहऱ्यांचे तपशील जवळजवळ नसलेलं. संप मोडायला काळ्या कामगारांना वापरलं गेलं आणि त्यातून गोऱ्या कामगारांशी दंगली झाल्या, ही बाब त्यानं सरळ मांडली आहे. रिव्हेराच्या भिंतीवर जी एकी आहे, तिची दुसरी बाजू इथे आहे. काम करण्याची पद्धत तर अभ्यासण्यासारखी : साठही पाट्या मांडून एक रंग एका वेळी सगळ्यांवर लावायचा, मग पुढचा. त्यामुळे साठ चित्रांतून तोच निळा, तोच पिवळा फिरत राहतो आणि कथा तुटत नाही.

आणि ज्यांच्या चित्रात माणूसच नाही ते? तिथेही शोधा, पण सांभाळून. १९३४मध्ये न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी स्वतःची युनियन काढली, निदर्शनं केली, सरकारी कलायोजनेतल्या कपातीविरुद्ध धरणं धरलं. १९३५ ते १९४३ या काळात हजारो चित्रकार सरकारकडून आठवड्याचा पगार घेत होते. पुढे अमूर्त चित्रकलेचं सर्वांत मोठं नाव झालेला जॅक्सन पोलॉकही त्यांत होता. १९३६मध्ये तो मेक्सिकन चित्रकार सिकेरोसच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यशाळेत मे दिनाच्या मिरवणुकीचा चित्ररथ उभा करायला मदत करत होता. तिथे सिकेरोस ड्यूको नावाचा रंग ओतून, उडवून, सांडून दाखवायचा. ड्यूको म्हणजे मोटारींना मारायचा झटपट वाळणारा रंग. म्हणून पोलॉकच्या नंतरच्या ओघळांत कामगार चळवळ आहे असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण रंगाचा तो डबा आणि ती रीत कुठून आली, हे सांगितल्याशिवाय त्या चित्रांचा इतिहास पुरा होत नाही.

आपल्याकडचं काय, हे विचारलेलं नाही, पण मुंबईत शिकणाऱ्या मुलीनं विचारावं म्हणून सांगतो. सुधीर पटवर्धन यांची चित्रं बघा. पुण्यात १९४९चा जन्म, शिक्षणानं डॉक्टर, १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. दिवसा क्ष-किरणांत शरीरं वाचायची आणि उरलेल्या वेळात ती रंगवायची. सत्तरच्या दशकातली त्यांची कामकरी माणसं जड, ठोकळेदार, जागा अडवून बसणारी आहेत. त्यांत सेझान आणि लेजे या फ्रेंच चित्रकारांचा अभ्यास मला स्वच्छ दिसतो. नंतर चित्रं रुंदावत गेली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू मिटत गेलं. पटवर्धनांनी 'लोअर परळ' केलं ते २००१मध्ये. संपाचं चित्र त्यात नाही, संपानंतर उरलेली जागा आहे. शहराच्या त्यांच्या अशा मोठ्या चित्रांत नजर एका जागी टिकत नाही, पूल, रुळ, चाळ, टॉवर वेगवेगळ्या उंचीवरून एकाच पटात येतात. ती युक्ती आणि उत्तरेच्या भिंतीवरची युक्ती सख्ख्या बहिणी आहेत. फरक असा, की रिव्हेराच्या जागेला जोडणारा कन्व्हेयर होता. परळच्या जागेला जोडणारं काही उरलेलं नव्हतं.

डेट्रॉईटच्या गोष्टीचा पुढचा भागही प्रबंधात घ्यावा असं सुचवतो. जुलै २०१३मध्ये ते शहर दिवाळखोरीत गेलं, सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांखाली. संग्रहालयातल्या पुष्कळ कलाकृती शहराच्या मालकीच्या, म्हणून देणेकऱ्यांची नजर त्यांच्यावर गेली आणि लिलाव कंपनीला बोलावून किमती काढल्या गेल्या. चुन्यात मुरलेली भिंत विकायला उचलून नेता येत नाही, पण शेजारच्या दालनांतले व्हॅन गॉग आणि ब्रॉयगेल नेता येतात. दुसऱ्या पारड्यात होत्या निवृत्त नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शनी. अखेर विश्वस्त संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी वीस वर्षांत मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. चित्रं वाचली, पेन्शनींची मोठी कपात टळली, तरी सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीतून साडेचार टक्के गेले आणि महागाईची वाढ बंद झाली. त्याच २०१४ सालात रिव्हेराच्या भित्तिचित्रांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

कामाला कशी लागशील ते सांगतो. सत्तावीसच्या सत्तावीस चौकटी घेऊ नकोस, गुदमरशील. उत्तरेची भिंत घे. संग्रहालयानं तिची मोठी छायाचित्रं उपलब्ध केली आहेत, त्यातलं एखादं मोठ्या कागदावर छापून घे आणि पेन्सिलीनं फक्त कन्व्हेयरचा मार्ग गिरव. कुठे तो शक्य आहे आणि कुठे अशक्य, याच्या खुणा कर. अशक्य असलेल्या प्रत्येक जागी चित्रकारानं काय जवळ आणलं आणि कुठली भिंत काढून टाकली ते लिही. मग शीलरचं 'क्लासिक लँडस्केप' घेऊन त्याची क्षितिजरेषा आणि रुळांची दिशा तशीच गिरव. त्यानंतर ७ मार्चच्या मागण्यांची यादी समोर ठेव आणि एकेक मागणी दोन्ही चित्रांत शोध. लाइनच्या वेगाची मागणी तुला उत्तरेच्या भिंतीवर वाकलेल्या पाठींत सापडेल. कोळशाची आणि इस्पितळाची सापडणार नाही. समीक्षा वाचायची ती या तिन्ही गोष्टी झाल्यावर, आधी नाही.